सोसायटीच्या गेटवरचा इंटरनेटचा नाका

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "भांडुपमध्ये पुनर्विकासानंतर आमची नवी इमारत उभी राहिली. बिल्डरने एकाच कंपनीचं फायबर आत आणलं आहे. शेजारच्या जुन्या चाळीत राहणारी माझी बहीण तेवढ्याच वेगासाठी महिन्याला जवळपास निम्मे पैसे भरते. दुसऱ्या कंपन्यांना फोन केला तर 'तुमच्या बिल्डिंगमध्ये परवानगी नाही' म्हणतात. ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) असताना हे चालतं कसं? ट्राय सरळ दर का ठरवून देत नाही? आणि आम्ही तक्रार कुठे करायची?"

ताई, तक्रारीचं शेवटी सांगतो. आधीच्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट कळली नाहीत तर तक्रार चुकीच्या दारात जाते आणि वर्ष फुकट जातं, हे मी अनेक सोसायट्यांच्या बाबतीत पाहिलं आहे. मी या धंद्यात २६ वर्षं आहे. सुरुवातीला एका छोट्या इंटरनेट कंपनीसाठी परळ-लालबागच्या गच्च्यांवरून केबल टाकून घ्यायचो. पुढे परवाने, इंटरकनेक्शनचे (दोन कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडण्याचे) करार आणि ट्रायपुढे द्यायची निवेदनं हेच काम झालं.

तुमच्या इमारतीत जोडणी देण्याचा खर्च खरं तर चाळीपेक्षा कमी आहे. नवा डक्ट (केबल न्यायची मोकळी वाट), प्रत्येक मजल्यावर पेटीला जागा, एकाच पत्त्यावर इतकी घरं. चाळीत केबल गॅलरीच्या कठड्याला बांधत न्यावी लागते, पावसाळ्यात ती लोंबकळते, तुटते, माणूस पुन्हा वर चढवावा लागतो. तरी तिथे इंटरनेट स्वस्त, कारण तिथे तीन-चार जण दार ठोठावतात आणि तुमच्याकडे एकच. ग्राहकाला दुसरीकडे जाता येतं की नाही, यावर भाव ठरतो. दूरसंचार नियमनाचा सगळा खटाटोप याच एका गोष्टीभोवती फिरतो.

आता ट्राय दर का ठरवत नाही ते पाहू. दर ठरवून देण्याचा प्रयोग आपण केलेला आहे. १९९५ मध्ये मोबाइल आला तेव्हा मुंबईत दोनच खासगी कंपन्यांना परवाना होता, बीपीएल मोबाइल आणि मॅक्स टच. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैसे ही कमाल मर्यादा सरकारनेच घालून दिली होती, आणि आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. म्हणजे दरावर सरकारी झाकण होतं, पण स्पर्धा नव्हती. दोन कंपन्यांना झाकणाखाली आरामात बसता आलं. १९९७ मध्ये ट्राय स्थापन झालं. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठरावीक परवाना शुल्काऐवजी महसुलातला वाटा घ्यायचं ठरवलं आणि तिसऱ्या, चौथ्या कंपनीला दार उघडलं. २००१ मध्ये मुंबईत एमटीएनएलची डॉल्फिन सेवा आली, पाठोपाठ चौथी कंपनी आली, आणि मग दर खरे कोसळले. २००३ पासून इनकमिंग मोफत झालं.

त्यामुळे ट्रायने मोबाइल आणि ब्रॉडबँडचे दर बहुतांशी कंपन्यांवर सोडले आहेत. कंपनीने नवा प्लॅन आणला की सात कामकाजी दिवसांत तो ट्रायला कळवायचा. दर पारदर्शक हवेत, भेदभाव करणारे नकोत, स्पर्धकाला मारण्यासाठी खर्चाखाली पाडलेले नकोत, असे दंडक आहेत. ट्रायने दर ठरवून द्यावेत असं मला आजही वाटत नाही. कमाल दर बांधला की सगळे त्या दराला जाऊन चिकटतात. किमान दराची मागणी तर २०१९ मध्ये कंपन्यांनीच केली होती, ट्रायने त्यावर चर्चापत्रही काढलं, पण किमान दर काही लादला नाही, आणि ते फार बरं झालं.

मग नियामक करतो काय? मुंबईकरांना जकात नाका समजावून सांगावा लागत नाही. २०१७ मध्ये जकात बंद होईपर्यंत दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दला ट्रकच्या रांगा लागायच्या, आणि माल कितीही स्वस्त असला तरी नाक्यावरचा खर्च शेवटी भाजीच्या पाटीत येऊन पडायचा. दूरसंचाराच्या जाळ्यात असेच नाके असतात. फरक इतकाच की हे नाके खासगी मालकीचे असतात आणि बऱ्याचदा नाक्याचा मालक हाच तुमचा स्पर्धक असतो. नियामकाचं खरं काम हे नाके शोधणं, तिथली वसुली खर्चाला धरून आहे ना हे तपासणं, आणि कुणाचीही गाडी मुद्दाम अडवली जाणार नाही याची व्यवस्था करणं.

पहिला नाका म्हणजे एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाकडे पोचवणं. त्यासाठी पहिली कंपनी दुसरीला मिनिटामागे पैसे द्यायची. ज्याचे ग्राहक जास्त त्याच्याकडे फोन जास्त येतात, त्यामुळे नव्या कंपनीच्या खिशातून जुन्या कंपनीकडे पैसा वाहत राहतो. ट्रायने हा आकार २०१५ मध्ये २० पैशांवरून १४ वर, ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैशांवर आणला, आणि १ जानेवारी २०२१ पासून तो शून्य झाला. आज आपण कुणाच्याही नंबरवर मिनिटं न मोजता बोलतो, त्यात या निर्णयाचा मोठा वाटा आहे.

पण पैशांपेक्षाही अवघड असते ती जोडणीची अडवणूक. दोन जाळी जिथे एकमेकांना मिळतात तिथे जोडणीच्या पुरेशा तारा दिल्या नाहीत, की नव्या कंपनीचे फोन लागतच नाहीत, आणि ग्राहक समजतो की ही कंपनीच भिकार आहे. २०१६ मध्ये जिओ आल्यावर हेच भांडण पेटलं. जुन्या कंपन्यांचं म्हणणं होतं की या नव्या कंपनीने फुकट सेवेचा पूर सोडला, आम्ही किती तारा देणार? ट्रायने ऑक्टोबरमध्ये तीन जुन्या कंपन्यांवर मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत दुसऱ्या कंपनीने मागितल्यावर ३० दिवसांत, भेदभाव न करता करार करायचं बंधन आलं. आधीच्या काळात आमच्या छोट्या कंपनीचा अर्ज एका बड्या कंपनीच्या टेबलावर आठ महिने पडून होता. ना नकार, ना होकार. नकार मिळाला तर निदान दाद तरी मागता येते. तो ३० दिवसांचा आकडा वाचला तेव्हा मला खरोखर भरून आलं होतं.

दुसरा नाका तुमचा स्वतःचा नंबर. नंबर बदलला की बँक, शाळा, नातेवाईक, सगळं बदलायचं, म्हणून माणूस महाग कंपनीकडेही पडून राहायचा. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, २०१५ पासून दुसऱ्या राज्यात गेल्यावरही. मात्र ही सोय मोबाइलची, लँडलाइनची नाही. तिसरा नाका समुद्रकिनाऱ्यावर आहे. परदेशातून समुद्राखालून येणाऱ्या बऱ्याच केबल आपल्या वर्सोव्याला जमिनीवर येतात. केबल जिथे उतरते त्या ठाण्याचा मालक तिथून पुढे जोडणी द्यायला किती पैसे लावतो, यावर छोट्या इंटरनेट कंपनीची घाऊक खरेदी अवलंबून असते. ट्रायने २००७ मध्ये या ठाण्यांत इतरांना प्रवेश देणं बंधनकारक केलं आणि २०१२ मध्ये त्याचे आकार ठरवून दिले. त्यावर कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. इथे ट्रायने दर ठरवला हे लक्षात घ्या. ग्राहकाच्या दारात दर मोकळा, पण नाक्यावरचा दर बांधलेला, हे सूत्र आहे.

या सगळ्याचा एकत्र परिणाम म्हणजे मोबाइल डेटा. सरकारी आकडेवारीनुसार २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी सुमारे २६९ रुपये पडायचे, आता दहाच्या आसपास. पण सरासरीवर मी फारसा विसंबत नाही. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींना महिन्याला दहा फोन करायचे असतात, व्हिडिओ बघायचे नसतात. त्यांना जीबीचा भाव काय कामाचा? त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त रिचार्ज किती, हाच प्रश्न. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले तेव्हा मावशींसारख्यांनाच सगळ्यात जास्त झळ लागली. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे व्हाउचर देणं कंपन्यांना सक्तीचं केलं आणि अशा खास व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. त्याआधी २०२२ मध्ये २८ दिवसांच्या महिन्यावर तोडगा म्हणून निदान एक तरी प्लॅन पूर्ण ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा असावा, असा आदेश काढला. हे छोटे वाटणारे आदेश गरिबाच्या खिशाला मोठ्या धोरणांपेक्षा जास्त जाणवतात.

एकेकाळी मुंबईत मोबाइलच्या भरपूर कंपन्या होत्या, आज तीन खासगी आणि एक सरकारी उरली आहे. नियामकाने नाके मोकळे केले तरी भांडवल संपून स्पर्धक मेले, तर स्पर्धा राहत नाही. सरकारला ज्या महसुलातला वाटा द्यायचा त्याच्या व्याख्येवरचा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०१९ चा निकाल, लिलावात घेतलेल्या स्पेक्ट्रमचं (मोबाइलच्या रेडिओ लहरींचं) ओझं, जीवघेणं दरयुद्ध, कारणं अनेक. इथे ट्रायच्या मर्यादाही दिसतात. परवाना आणि स्पेक्ट्रमबाबत ते शिफारस करतं, निर्णय दूरसंचार विभागाचा. २०१८ मध्ये ट्रायने बाजारातल्या बलाढ्य कंपनीची व्याख्या बदलून खर्चाखालच्या दरांबाबत आदेश काढला होता, तोही त्याच वर्षी टीडीसॅट या अपील लवादाने रद्द केला.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो, म्हणजे तारेने घरापर्यंत येणारं ब्रॉडबँड. देशात ब्रॉडबँडच्या जोडण्या नव्वद कोटींच्या पुढे गेल्या, पण त्यांतल्या तारेच्या जेमतेम चार कोटींच्या आसपास. मोबाइलमध्ये जे साधलं ते इथे साधलं नाही, आणि त्याची सुरुवात मला २००४ मध्ये दिसते. तेव्हा मुंबईत घरोघरी एमटीएनएलची तांब्याची तार होती. ट्रायने शिफारस केली की एक्स्चेंजपासून घरापर्यंतची ही शेवटची तार इतर कंपन्यांना रास्त भाड्याने द्यावी, म्हणजे तार एकाची आणि इंटरनेट विकणारे दहा. त्या वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात सरकारने ती शिफारस मानली नाही. २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणण्याचा तो काळ (आज किमान २ एमबीपीएस लागतात), आणि मी तेव्हा गच्च्यांवर फिरत होतो. ती तार भाड्याने मिळाली असती तर आम्हाला एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर केबल फेकत बसावं लागलं नसतं, आणि ती तारही एमटीएनएलला उत्पन्न देत जिवंत राहिली असती. या निर्णयाची हळहळ मला आजही वाटते.

ब्रिटनमध्ये त्याच सुमारास उलटं घडलं. २००५ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमने ऑफकॉम या नियामकाला कायदेशीर हमी दिली आणि तारांचं जाळं ओपनरीच नावाच्या वेगळ्या विभागाकडे गेलं. मूळ कंपनीच्या किरकोळ शाखेला ज्या अटींवर तार मिळेल त्याच अटींवर स्पर्धकांनाही मिळावी, ही त्यातली मेख. पुढे २०१७ मध्ये ओपनरीचला कायद्याने वेगळी कंपनी करायचं ठरलं, आणि फायबरच्या काळात तर रस्त्याखालचे डक्ट आणि खांबही स्पर्धकांना वापरू द्यावे लागले. डक्टचा मुद्दा आपल्या मुंबईला फार लागू आहे. इथे पावसाळ्यात महापालिका रस्ता खणू देत नाही, एरवी खोदकामाचे आणि रस्ता पूर्ववत करण्याचे आकार इतके की छोटी कंपनी तिथेच गार होते. आता रस्ते सिमेंटचे होत आहेत. काँक्रीट पडण्याआधी खाली सगळ्यांना भाड्याने मिळतील असे डक्ट टाकले तर पुढची वीस वर्षं या शहरात नव्या कंपनीला जागा राहील. नाही टाकले तर ज्याचं फायबर आधीच खाली आहे, त्याची कायमची मक्तेदारी.

आणि शेवटचा नाका तुमच्या सोसायटीच्या गेटवर. फ्रान्सने २००८ च्या कायद्याने नियम केला की इमारतीत एका कंपनीने फायबर टाकलं तर ते इतरांना रास्त मोबदल्यात वापरू द्यावं लागेल. अमेरिकेत इमारतमालकाने फक्त एकाच इंटरनेट कंपनीकडून महसुलाचा वाटा घ्यायचा, असे करार २०२२ मध्ये बंद केले गेले. आपल्याकडे ट्रायने जानेवारी २०१७ मध्ये शिफारस केली होती की इमारतीत एकाच कंपनीला मक्ता देणारे करार नकोत आणि आतली सुविधा सर्वांना भेदभावाविना मिळावी. २०२४ मध्ये ट्रायकडूनच इमारतींना डिजिटल जोडणीनुसार स्टार-मानांकन देण्याची पद्धत आली, पण ती ऐच्छिक आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे मार्गाधिकाराचे (केबल, खांब यांसाठी जागा वापरण्याच्या हक्काचे) नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. त्यांचा भर सार्वजनिक जागेवर आहे. खासगी जागेत मुख्यतः जागामालक आणि कंपनी यांनी आपसांत करार करायचा आहे. थोडक्यात, तुमच्या प्रकरणात घोडं इथे पेंड खातं: ट्रायचा सक्तीचा हात तुमच्या गेटपाशी येऊन थांबतो, आणि गेटची किल्ली तुमच्या सोसायटीकडे आहे.

म्हणून तक्रारीचा क्रम असा. ट्राय वैयक्तिक तक्रार सोडवत नाही, तिथे पत्र पाठवून वाट पाहू नका. सेवा बंद पडली, बिल चुकलं, वेग मिळत नाही, तर कंपनीच्या तक्रार केंद्राचा नोंदणी क्रमांक घ्या, उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा, आणि तरीही न्याय न मिळाल्यास ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. कंपनीविरुद्ध ग्राहकांच्या गटाचा वाद असेल तर टीडीसॅटकडेही जाता येतं. पण तुमची अडचण सेवेतल्या दोषाची नाही, प्रवेशबंदीची आहे, आणि ती बिल्डरच्या करारातून आली आहे.

तेव्हा आधी समितीला लेखी पत्र द्या आणि त्या कराराची प्रत मागा. समितीच्या आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं पाहण्याचा हक्क तुम्हाला सहकार कायद्याने आहे, त्यातून करार सोसायटीने कधी आणि कुणी मान्य केला ते कळेल. करारात पाहायचं ते असं: मक्ता किती वर्षांचा आहे, इतरांना मज्जाव करणारं कलम खरंच आहे की वॉचमन आणि कंपनीचा माणूस यांनीच ते तोंडी चालवलं आहे (हे मी फार वेळा पाहिलं), कंपनी सोसायटीला किंवा बिल्डरला काही रक्कम देते का, आणि डक्टमधली जागा, पाइप, पेट्या कुणाच्या मालकीच्या आहेत. पाइप सोसायटीचे असतील तर दुसऱ्या कंपनीचं फायबर त्याच डक्टमधून जायला सहसा तांत्रिक अडचण नसते. एक फायबर बोटापेक्षा बारीक असतं. "डक्ट भरला" असं कुणी म्हणालं तर इलेक्ट्रिशियनला बोलावून झाकण उघडून दाखवा म्हणा.

कंपनीकडून सोसायटीला पैसे मिळत असतील तर ते हिशोबात दिसायला हवेत, आणि सभासदांनाही कळू द्या की ती रक्कम शेवटी त्यांच्याच महिन्याच्या बिलातून जाते. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक साधा ठराव आणा: कोणत्याही परवानाधारक कंपनीला समान शुल्क आणि समान अटींवर डक्ट वापरू द्यावा, काम झाल्यावर भिंत पूर्ववत करून द्यावी, आणि यापुढे मक्त्याचा करार करू नये. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, तोवर थांबायचं नसेल तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सभा मागता येते. सह्या गोळा करायला निघाल तेव्हा बहिणीचं बिल आणि तुमचं बिल, दोन्हींच्या झेरॉक्स एकाच कागदावर काढून बरोबर न्या. आणि ठराव होण्याआधीच दोन कंपन्यांकडून किती घरांमागे किती दर देतील याचं लेखी पत्र आणून ठेवा, म्हणजे सभेत कुणी "दुसरं कोण येणार इथे?" असं विचारलं तर पत्र पुढे करता येईल.